सीलाकँथची ओळख
(नभोवाणीवरील भाषण)

मासळीबाजारांत जाणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला पापलेट कोणतें आणि हलवा कोणता हें कोणाला विचारावें लागत नाहीं. तरीहि दोहोंचें अंग चपटें आणि दोहोंची बाह्याकृति पुष्कळशी सारखी असते. इंग्रजींत तर एकाला रुपेरी पाँफ्रेट आणि दुसऱ्याला काळें पाँफ्रेट म्हणून दोघांना सख्खे भाऊ ठरवून टाकलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ मात्र हें नातें मानीत नाहीं. तो हलव्याच्या शेपटीच्या बुडाशीं बोट फिरवितो. तेथें अंगाच्या मधल्या रेषेवर कठीण खवल्यांची एक ओळ हाताला लागते. पापलेटाला ती नसते. ह्या आणि अशाच दुसऱ्या खुणांवरून तो सांगतो कीं, हीं दोन घराणीं वेगळीं आहेत, आणि आकाराचा सारखेपणा हा केवळ वरवरचा आहे.

प्राण्यांची ओळख पटविण्याच्या शास्त्रांत सारा प्रश्न हाच असतो: कोणत्या खुणेवर भरंवसा ठेवावयाचा आणि कोणती खूण सोडून द्यावयाची? आज मी ज्या माशाची हकीकत आपल्यापुढें ठेवणार आहे, त्याच्या ओळखींत एकाच विद्वानानें पहिल्या वेळीं अचूक खुणा हेरल्या, आणि चौदा वर्षांनीं त्याच माशाच्या बाबतींत तो एका खुणेनें फसला. त्याचें यश जगप्रसिद्ध आहे. त्याची चूक फारशी कोणी सांगत नाहीं. मला दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात.

ह्या माशाच्या घराण्याचें नांव सीलाकँथ. हें नांव जिवंत मासा पाहून दिलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत लुई आगासी नांवाच्या स्विस पंडितानें युरोपांतील खडकांत सांपडणाऱ्या माशांच्या अश्मीभूत अवशेषांचा मोठा अभ्यास केला. त्यांपैकीं एका माशाच्या शेपटीच्या परांना आधार देणारे कांटे आंतून पोकळ आहेत असें त्याला दिसून आलें, म्हणून त्यानें ‘पोकळ कांटा’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हें नांव बनविलें. पुढें ठिकठिकाणच्या खडकांतून ह्या घराण्याचे अनेक मासे उजेडांत आले. सर्वांत जुने अवशेष सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वींचे आहेत. आपल्या देशांतहि, प्राणहिता आणि गोदावरी ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ‘कोटा’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या थरांत असा एक मासा सांपडला, आणि १९७४ मध्यें एस. एल. जैन यांनीं त्याचें वर्णन करून त्याला ‘इंडोसीलाकँथस’ असें नांव दिलें.

ह्या घराण्याच्या खुणा दगडांतहि चांगल्या टिकतात. पहिली खूण परांची. आपल्या नित्याच्या माशांचे पर अंगाला पंख्यासारखे थेट चिकटलेले असतात; सीलाकँथचे जोडीचे पर मांसल देंठावर बसविलेले असतात, आणि त्या देंठांत हाडांची एक साखळी असते. पाठीवरचा दुसरा पर आणि पोटाखालचा मागला पर यांनाहि असेच देंठ असतात. दुसरी खूण शेपटीची: तिचे वर आणि खालीं असे दोन भाग असून त्यांच्या मधोमध तिसरा लहानसा झुबका पुढें आलेला असतो. तिसरी खूण डोक्याची. कवटी एकसंध नसून पुढचा व मागचा अशा दोन भागांची असते, आणि त्या दोहोंमध्यें सांधा असतो. जबड्याच्या खालीं, घशाशीं, हाडाच्या दोन तकटी असतात. शिवाय पाठीच्या कण्यांत मणके नीटसे बनलेले नसतात. खडकांतल्या ठशांत कण्याची जागा बहुधा रिकामी दिसते. कारण जिवंतपणीं तेथें हाड नव्हतेंच.

परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या थरांपर्यंत आलें कीं हे अवशेष संपतात. त्यानंतरच्या कोणत्याहि खडकांत सीलाकँथ आढळला नव्हता. यावरून शास्त्रज्ञांनीं निष्कर्ष काढिला कीं, हें घराणें त्याच सुमारास निर्वंश झालें. हा निष्कर्ष शंभर वर्षें कोणाला खटकला नाहीं.

आतां आपण दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ईस्ट लंडन ह्या बंदराकडे वळूं. तेथें एक लहानसें संग्रहालय होतें, आणि मार्जरी कोर्टनी-लॅटिमर ही एकतीस वर्षांची तरुणी त्याची व्यवस्था पाहत असे. किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींच्या कप्तानांशीं तिनें ओळख ठेविली होती. जाळ्यांत कांहीं चमत्कारिक आलें कीं ते तिला निरोप धाडीत. २२ डिसेंबर १९३८ रोजीं ‘नेरीन’ नांवाची बोट बंदरांत आली. तिचा कप्तान हेंड्रिक गूसन यानें चालुम्ना नदीच्या मुखाजवळ सुमारे चाळीस वाव पाण्यांत जाळें ओढलें होतें. कुमारी लॅटिमर बोटीवर गेली ती खरें म्हणजे खलाशांना नाताळच्या शुभेच्छा देण्यासाठीं. तेथें माशांच्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर आलेला तिला दिसला. ढीग बाजूला केल्यावर सुमारे पांच फूट लांबीचा आणि १२७ पौंड वजनाचा, पांढुरक्या ठिपक्यांचा निळसर मासा निघाला. त्याचे खवले चिलखतासारखे कठीण होते, आणि त्याचे पर हातापायांसारखे देंठावर उभे होते.

हा मासा कोणता हें तिला सांगतां येईना. पण तो जपला पाहिजे, एवढें तिला पक्कें कळलें. तेथून पुढची हकीकत ऐकतांना हंसूं येतें आणि मन हळहळतेंहि. डिसेंबर हा त्या देशांतला ऐन उन्हाळा. टॅक्सीवाला एवढें नासकें ओझें गाडींत घ्यावयास तयार होईना. त्याला मोठ्या मिनतवारीनें राजी करावें लागलें. शवागारांत जागा मागितली, ती मिळाली नाहीं. शीतगृहानेंहि नकार दिला. संग्रहालयाच्या मंडळाच्या अध्यक्षांनीं मासा पाहून तो एक साधा रॉक कॉड, म्हणजे आपण ज्याला हेकरू म्हणतों त्या जातीचा, असल्याचें सांगून विषय संपविला. शेवटीं प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरणाऱ्या एका कारागिराच्या मदतीनें तिनें तो मासा औषधांत भिजविलेल्या वर्तमानपत्रांत आणि चादरींत गुंडाळून ठेविला. दुसऱ्या दिवशीं तिनें जे. एल. बी. स्मिथ यांना पत्र लिहिलें आणि सोबत आपल्या हातानें काढलेली एक ओबडधोबड आकृति पाठविली.

स्मिथ हे ग्रॅहॅम्सटाऊन येथील कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत. मासे हा त्यांचा छंद, पण छंद म्हणून सोडून द्यावा असा नव्हे. ते सुटीसाठीं नाइस्ना ह्या दूरच्या गांवीं गेले होते. पत्र त्यांच्या हातीं पडलें ३ जानेवारी १९३९ रोजीं. दरम्यान ईस्ट लंडनला उष्म्यानें मासा कुजूं लागला होता. उत्तराची वाट पाहून कारागिरानें अखेर कातडें सोलून घेतलें, आणि कल्ले, आंतडीं वगैरे सारें केरांत गेलें. स्मिथ यांची तार आली कीं, सांगाडा व कल्ले जपून ठेवा, तें अत्यंत महत्त्वाचें आहे. पण तेव्हां फार उशीर झाला होता. काढलेलीं छायाचित्रेंहि बिघडलीं होतीं.

आतां स्मिथ यांची अवस्था ध्यानांत घ्या. हाताशीं काय होतें? एक शाईचें चित्र, एक पत्र, आणि पुढें कळविलेली एवढीच माहिती कीं, सोलतांना पाठीच्या कण्याच्या जागीं मणके मिळाले नाहींत, एक मऊ नळी मिळाली आणि तिच्यांतून तेल गळालें. चित्रांतली तिहेरी शेपटी आणि देंठाचे पर पाहतांच त्यांच्या मनांत जें नांव आलें तें उच्चारण्याचें धाडस त्यांना होईना. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं नष्ट झालेला मासा आपण जिवंत सांपडला असें म्हणावें, आणि तो दुसरा कांहीं निघाला, तर रसायनाच्या ह्या मास्तराला विद्वानांच्या जगांत तोंड दाखवावयास जागा राहिली नसती. त्यांनीं अश्मीभूत माशांवरचा मोठा ग्रंथ केपटाऊनहून मागविला आणि चित्राशीं एक एक खूण ताडून पाहिली. दिवसा खात्री वाटे, रात्रीं ती डळमळे. असे सहा आठवडे गेले.

१६ फेब्रुवारी १९३९ रोजीं ते ईस्ट लंडनला पोंचले आणि त्यांनीं तो भुसा भरलेला मासा प्रत्यक्ष पाहिला. मग शंकेला जागा उरली नाहीं. देंठाचे पर, तिहेरी शेपटी, दाणेदार कठीण खवले, घशाखालच्या तकटी, कवटीच्या हाडांची मांडणी, असें सारें तेथें होतें. कल्ले गेले होते, आंतडीं गेलीं होतीं, कणा गेला होता. पण जें उरलें होतें तें सारें एकच साक्ष देत होतें. १८ मार्च १९३९ च्या ‘नेचर’ ह्या इंग्लंडांतील साप्ताहिकांत त्यांनीं ही वार्ता प्रसिद्ध केली, आणि माशाला ‘लॅटिमेरिया चालुम्नी’ असें नांव दिलें. त्यांतला पहिला शब्द त्या तरुणीसाठीं आणि दुसरा त्या नदीसाठीं. रॉक कॉड म्हणून निकालांत निघालेल्या माशानें जिनें त्याला वांचविलें तिचें नांव अशा रीतीनें अजरामर केलें.

येथें क्षणभर थांबून पाहण्यासारखें आहे. अर्धाअधिक मासा नष्ट झाला असतांना ही ओळख अचूक कशी ठरली? कारण स्मिथ यांनीं हातांत असलेल्या खुणांवर निर्णय दिला. देंठाचा पर हा कांहीं अपघातानें उगवत नाहीं. त्यांतलें हाड, त्याचे स्नायू, त्याचा खांद्याच्या हाडाशीं असलेला सांधा, हें सारें मिळून एक रचना असते. अशा चार-पांच रचना एकाच शरीरांत जमून याव्यात आणि नातें मात्र नसावें, हें संभवत नाहीं.

पण एकच मासा, आणि तोहि आंतून रिकामा. स्मिथ यांना दुसरा हवा होता. महायुद्ध आलें आणि गेलें. युद्धानंतर त्यांनीं इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत एक पत्रक छापविलें. त्यावर माशाचें चित्र होतें, आणि मासा आणून देणाराला शंभर पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. हीं पत्रकें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दूरवर वांटलीं गेलीं. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यामध्यें कोमोरो नांवाचीं लहान बेटें आहेत. एरिक हंट नांवाच्या एका व्यापारी कप्तानानें तीं तेथवर पोंचविलीं. २० डिसेंबर १९५२ रोजीं तेथल्या आंजुआन बेटावरच्या अहमदी अब्दल्ला नांवाच्या कोळ्यानें गळाला लागलेला असाच एक मासा ओढून काढला. तो बाजारांत विकावयास नेला असतां एका शाळामास्तरानें पत्रकांतल्या चित्रावरून ओळखला, आणि बेट ओलांडून तो हंटकडे पोंचता केला गेला. हंटनें तो मिठांत आणि औषधांत घालून ठेविला व तार केली. स्मिथ यांनीं पंतप्रधान मलान यांच्याकडे थेट विनंति करून लष्करी विमान मिळविलें आणि २९ डिसेंबरला ते बेटावर उतरले. पेटी उघडतांच त्यांच्या डोळ्यांत अश्रु आले.

गंमत अशी कीं, जो मासा पंडितांना साडेसहा कोटी वर्षें हरवलेला वाटत होता, तो कोमोरोच्या कोळ्यांना चांगला ठाऊक होता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. मास तेलकट आणि चवीला वाईट, म्हणून त्यांना त्याची फारशी मातब्बरी नव्हती.

आतां चुकीची गोष्ट. स्मिथ यांनीं ह्या दुसऱ्या माशाचें निरीक्षण केलें तेव्हां त्यांना दिसलें कीं, याच्या पाठीवरचा पुढचा पर नाहीं, आणि शेपटीच्या मधला झुबकाहि नाहीं. पहिल्या माशाला हे दोन्ही अवयव होते. दोन ठळक अवयव नाहींत, तेव्हां हा मासा केवळ निराळ्या जातीचाच नव्हे, तर निराळ्या कुळाचा असला पाहिजे असें त्यांनीं ठरविलें. पंतप्रधानांच्या उपकाराची आठवण म्हणून त्याला ‘मलानिया आंजुआनी’ असें नांव दिलें.

पुढल्याच वर्षीं, १९५३ च्या सप्टेंबरांत, त्याच बेटाजवळ तिसरा मासा मिळाला. त्याला पुढचा पर होता, झुबकाहि होता. त्यानंतर एकामागून एक मासे मिळत गेले. ते सारे ईस्ट लंडनच्या पहिल्या माशासारखेच निघाले. तेव्हां उघड झालें कीं, स्मिथ यांच्या दुसऱ्या माशाचे ते अवयव केव्हां तरी इजा होऊन गेले होते. तो मासा लॅटिमेरियाच होता. पंतप्रधानांचें नांव शास्त्राच्या यादींतून उतरलें, आणि संग्रहालयांतल्या तरुणीचें राहिलें.

श्रोतेहो, ज्या विद्वानानें अर्ध्या माशावरून चाळीस कोटी वर्षांचें घराणें ओळखलें, त्यानेंच जवळजवळ सबंध मासा समोर असतांना चूक करावी, हें कसें झालें? माझ्या अल्प मतीला असें वाटतें कीं, पहिल्या वेळीं त्यांनीं जें होतें त्यावरून बोलावयाचें पत्करलें, आणि दुसऱ्या वेळीं जें नव्हतें त्यावरून. एखादा अवयव असणें ही भक्कम साक्ष आहे. तो नसणें ही मात्र फार कच्ची साक्ष आहे; कारण नसण्याचीं कारणें पुष्कळ असतात. तो जन्मतःच नसेल, तुटला असेल, कुजला असेल, किंवा पाहणाऱ्याच्या नजरेंतून सुटला असेल. वर्गांत हात वर न करणारा मुलगा अडाणीच असतो असें नाहीं, हें कळावयास मला शाळामास्तरकीचीं बरींच वर्षें घालवावीं लागलीं.

आणि नीट पाहिलें तर साऱ्या जगानें आधीं हीच चूक केली होती. साडेसहा कोटी वर्षांच्या अलीकडे अवशेष नाहींत, म्हणून मासा नाहीं! वस्तुतः हा मासा राहतो ज्वालामुखीच्या खडकाच्या खोल, उभ्या उतारांवर. अशा जागीं गाळ सांठून अवशेष टिकावेत आणि ते पुढें मनुष्याच्या हातीं लागावेत, हा योग दुर्मिळच. अवशेष न सांपडणें हें माशाच्या मरणाचें प्रमाणपत्र नव्हतें. तें आपल्या शोधाच्या मर्यादेचें प्रमाणपत्र होतें.

मासा किती खोल पाण्यांत राहतो, याविषयींहि शरीररचनेवरून वाद झाला. लंडनच्या तज्ज्ञांचें म्हणणें असें कीं, एवढा प्राचीन मासा अथांग समुद्रांत दडून राहिल्यामुळेंच वांचला असला पाहिजे. स्मिथ यांनीं उलट दाखविलें कीं, अथांग पाण्यांतल्या माशांचें अंग बहुधा लिबलिबीत असतें. ह्याचे चिलखती खवले, भक्कम पर आणि निळा रंग हे खडकांत वावरणाऱ्या शिकारी माशाचे आहेत. उत्तर मिळालें तें १९८७ मध्यें. त्या वर्षीं हान्स फ्रिके ह्या जर्मन संशोधकानें लहान पाणबुडींतून कोमोरोच्या समुद्रांत उतरून हे मासे त्यांच्या घरीं पाहिले आणि त्यांचें चलच्चित्र घेतलें. दिवसा ते सुमारे शंभर वावांच्या आसपास लाव्हाच्या गुहांतून स्वस्थ असतात, आणि रात्रीं भक्ष्य शोधीत उताराच्या कडेनें तरंगत जातात. म्हणजे खडकाविषयीं स्मिथ बरोबर होते. परंतु वास्तव्य त्यांच्या अंदाजापेक्षां खोल होतें. माशाच्या डोळ्यांतहि त्याची खूण आहे: मांजराच्या डोळ्याप्रमाणें उजेड परतविणारा एक थर त्यांत असतो, तो अंधुक प्रकाशांत उपयोगी पडतो.

फ्रिके यांच्या चित्रांनीं आणखी एक समज दूर केला. देंठाचे पर पाहून पुष्कळांना वाटे कीं, हा मासा तळावर पावलें टाकीत चालत असावा. स्मिथ यांनीं तर त्याला लाडानें चार पायांचा म्हातारा असें नांव दिलें होतें. प्रत्यक्षांत एकहि मासा चालतांना दिसला नाहीं. मात्र पोहतांना त्याचा पुढचा डावा पर आणि मागचा उजवा पर एका वेळीं हलतात, मग उलट. दुडक्या चालीनें जाणाऱ्या घोड्याच्या पायांचा क्रम हाच.

माशाच्या आंतील रचनेचें काम फ्रेंच शास्त्रज्ञांनीं केलें. झाक मियो आणि झां आंतोनी ह्यांच्या प्रयत्नानें १९५८ पासून १९७८ पर्यंत तीन मोठे खंड निघाले. त्यांतून कळलें कीं, प्रौढ माशाच्या कवटींतल्या पोकळीचा अगदीं थोडा भाग मेंदू व्यापतो, बाकी सारी चरबी असते. फुप्फुसाचा एक निरुपयोगी अवशेष चरबीनें भरलेला असतो. नाकाडांत विजेचे सूक्ष्म प्रवाह ओळखणारें एक इंद्रिय असतें. १९७५ मध्यें न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत एका मादीचें विच्छेदन केलें तेव्हां तिच्या पोटांत पूर्ण वाढीला आलेलीं पांच पिलें निघालीं, आणि हा मासा अंडीं बाहेर न घालतां पिलांना जन्म देतो हें सिद्ध झालें.

पुढचा प्रसंग हजारों मैल पूर्वेला, इंडोनेशियांत घडला. १९९७ च्या सप्टेंबरांत सुलावेसी बेटावरील मानाडो येथील बाजारांत मार्क एर्डमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पत्नीच्या नजरेस एक सीलाकँथ पडला, आणि दुसरा ३० जुलै १९९८ रोजीं कोळ्यांच्या जाळ्यांतून मिळाला. ते लोक त्याला ‘राजा लाउत’, म्हणजे समुद्राचा राजा, म्हणतात. आकृति तीच, पर तेच, शेपटी तीच. रंग तेवढा तपकिरी. येथें शरीररचनेची दृष्टि अपुरी पडली. पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना केल्यावर तो फार पूर्वींच वेगळा पडलेला स्वतंत्र प्रकार ठरला, आणि १९९९ मध्यें त्याला ‘लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस’ असें नांव मिळालें. अवयव नाहींत म्हणून जेथें भेद मानला तेथें भेद नव्हता, आणि अवयव सारखे म्हणून जेथें अभेद वाटला तेथें भेद निघाला! १९१३ नव्हे, शंभर वर्षांनंतरचें २०१३ हें साल घ्या: त्या वर्षीं ह्या माशाचें सबंध आनुवंशिक द्रव्य वाचून झालें. त्यावरून असें दिसलें कीं, चतुष्पादांचा, आणि म्हणून आपलाहि, जवळचा आप्त सीलाकँथ नसून फुप्फुसी मासा आहे. सीलाकँथ हा आपला दूरचा चुलता.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झाडाच्या खोडांत जशीं वर्षांचीं कडीं असतात, तशीं माशाच्या खवल्यांवरहि असतात, आणि तीं मोजून वय ठरवितात. सीलाकँथच्या खवल्यांवर दिसणारीं कडीं मोजून असें मानलें गेलें होतें कीं, हा मासा वीस वर्षांच्या आसपास जगतो. २०२१ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं तेच खवले विशिष्ट प्रकारच्या, ध्रुवीभूत प्रकाशांत पाहिले. तेव्हां त्या ठळक कड्यांच्या मध्यें पूर्वीं कधीं न दिसलेलीं बारीक कडीं दिसूं लागलीं. नवा हिशेब असा निघाला: हा मासा शंभर वर्षांच्या घरांत जगतो, मादी पन्नाशी उलटल्यावर प्रजननक्षम होते, आणि गर्भ सुमारे पांच वर्षें पोटांत वाढतो. पुन्हां तीच चूक, श्रोतेहो! कडीं दिसलीं नाहींत, म्हणून नाहींत असें धरलें गेलें.

मात्र ह्या चुकीची किंमत विद्वानाला नव्हे, माशाला द्यावी लागते. वीस वर्षें जगणारा मासा मेला तर त्याची जागा लवकर भरून येते. पन्नाशीनंतर वितें आणि पांच वर्षें पिलें पोटांत बाळगतें असें जनावर मेलें तर ती भरून यावयास दोन पिढ्यांचा काळ जातो. आफ्रिकेच्या बाजूचा सीलाकँथ आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे. त्याला मुद्दाम कोणी धरीत नाहीं. दुसऱ्या माशांसाठीं टाकलेल्या गळाला आणि शार्कांसाठीं खोल पाण्यांत लावलेल्या जाळ्यांना तो लागतो, आणि वर येईपर्यंत मरणाच्या दारीं असतो.

ईस्ट लंडनच्या संग्रहालयांत तो पहिला भुसा भरलेला मासा अजून आहे. कुमारी लॅटिमर २००४ पर्यंत जगल्या. ज्या दिवशीं त्यांनीं तो मासा ढिगाखालून काढला, त्या दिवशीं त्यांना त्याचें नांव ठाऊक नव्हतें, त्याचें घराणें ठाऊक नव्हतें, आणि ज्यांना ठाऊक असावयास हवें होतें त्यांनीं तो टाकून देण्याजोगा ठरविला होता. आपल्याला कळत नाहीं म्हणून त्यांत कांहीं नाहीं, असें मात्र त्यांनीं मानलें नाहीं. त्यांनीं तो जपून ठेविला आणि जाणत्याला पत्र लिहिलें. पुढें जें जें ज्ञान मिळालें, त्याची सुरवात तेथें आहे.